श्री. ठोसेकरांचे डोळे

पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही ती ढेकणांमुळे, असा आमच्या लहानपणचा अनुभव होता. २०२४ सालच्या मे महिन्यात मी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, धाकट्या भावाच्या घरी गेलो, तेव्हा ती भीती अर्थातच नव्हती. गादी अशी मऊ की कोकणातल्या सुती गादीवर वाढलेल्या माझ्या पाठीला ती खरीच वाटेना. तरीही तिसऱ्या रात्री मला जाग आली. दिवाणखान्यातून आवाज येत होता. टक्. मग बराच वेळ शांतता. पुन्हा टक्, टक्. काचेवर कोणी रुपयाने टिचक्या माराव्यात तसा.

मी चित्रकलेचा शिक्षक आहे. फळ्याकडे तोंड करून उभे असताना मागच्या कोणत्या बाकावर काय चालले आहे, हे कानांनी ओळखायची आम्हांला सवय असते. त्या सवयीने मी आवाजाच्या रोखाने गेलो, तर मिलिंद माझ्याआधीच तिथे उकिडवा बसलेला. समोर त्याचा तो चार फुटी, खाऱ्या पाण्याचा काचेचा हौद. त्याने तोंडावर बोट ठेवले.

"दादा, चोर सापडला," तो कुजबुजला. "महिन्याभरात सहा गोगलगायी आणि दोन खेकडे गेलेत माझे."

चोर आला होता तो खडकात बसून. अशा हौदात समुद्रातला सच्छिद्र खडक ठेवतात. त्याच्या भोकाभोकांत सूक्ष्म जीव वस्ती करून असतात आणि पाणी निर्मळ राखतात, म्हणून हौशी मंडळी त्याला जिवंत खडक म्हणतात. मिलिंदच्या खडकात सूक्ष्म जिवांबरोबर एक बऱ्यापैकी मोठा भाडेकरूही निघाला होता. दुसऱ्या दिवशी तो खडक बादलीवर टांगून ठेवला. पाणी निथळल्यावर दुपारी केव्हातरी बादलीत टपकन आवाज झाला. बोटभर लांबीचा, हिरवट रंगाचा एक प्राणी तळाशी पडून आम्हां सर्वांकडे रागाने पाहत होता.

इंग्रजीत त्याला मॅन्टिस श्रिंप म्हणतात. मॅन्टिस म्हणजे आपल्याकडचा खंडोबाचा किडा, पुढचे दोन पाय हात जोडल्यासारखे दुमडून बसतो तो. आणि श्रिंप म्हणजे कोळंबी. खरे पाहता तो किडाही नव्हे आणि कोळंबीही नव्हे. कवचधारी प्राण्यांतले त्याचे घराणे अगदी स्वतंत्र आहे, आणि डायनासोरांहूनही जुने आहे. माझा दहा वर्षांचा पुतण्या अर्णव तिथे जन्मला, तिथेच वाढला. पण त्याची आई घरात कटाक्षाने मराठी बोलते. त्याने पाहुण्याचे झटकन बारसे केले. "काका, हे श्री. ठोसेकर!"

एका लहानशा वेगळ्या हौदात, दगडाचे बीळ करून देऊन, श्री. ठोसेकरांची सोय लावण्यात आली. पुढचे तीन आठवडे मी आणि अर्णव त्यांच्यासमोर पाट टाकून बसत असू.

ठोसेकर जेवायला निघत तो सोहळा पाहण्यासारखा असे. आम्ही एक गोगलगाय सोडायचो. प्रथम बिळाच्या तोंडाशी देठांवरचे दोन डोळे दिसत. मग स्वारी बाहेर येई, मिशांनी शिंपल्याला हलकेच चाचपून बघे, त्याला हवा तसा वळवून घेई आणि मग टक्! कधी तोंडाच्या कडेवर, कधी टोकावर. उगाच कुठेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसून आले आहे: शिंपल्याचा आकार पाहून हे प्राणी घाव घालण्याची जागा बदलतात. कवच फुटले की ठोसेकर भक्ष्य उचलून बिळात जात. सकाळी दारात टरफलांचे तुकडे, पंगत उठल्यावर पत्रावळी टाकाव्यात तसे.

पण तो ठोसा मात्र मला एकदाही दिसला नाही. हात दुमडलेला दिसे, आवाज ऐकू येई आणि हात पुन्हा दुमडलेला दिसे. मिलिंद म्हणाला, "दिसणारच नाही, दादा." २००४ साली अमेरिकेत, बर्कलेच्या विद्यापीठात, शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोराच्या रंगाच्या एका मोठ्या जातीचे ठोसे टिपले. हाताचा वेग सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत भरला. म्हणजे पाण्याचा सगळा विरोध कापून ताशी ऐंशी किलोमीटर! एक ठोसा तीन सहस्रांश सेकंदांच्या आत पुरा होतो. आपली पापणी एकदा लवेपर्यंत तसे तीस-चाळीस ठोसे बसतील. नुसत्या स्नायूंचे हे काम नव्हे. हातात खोगिराच्या आकाराची एक कमान असते. स्नायू तिला आधी दाबून धरतात, खटका अडकवतात, आणि मग खटका सुटतो. आपली गलोलच म्हणा ना. हात इतक्या वेगाने जातो की पाण्यात वाफेचे बुडबुडे उठतात, आणि ते मिटताना त्यांचाही एक तडाखा बसतो. म्हणजे एका ठोशात दोन घाव. १९९८ साली इंग्लंडात, ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात, अशाच एका वीराने आपल्या हौदाची पाव इंच जाडीची काच फोडली होती. त्याचे नाव त्या लोकांनी मुष्टियोद्ध्यावरून टायसन ठेवले होते. हे ऐकल्यापासून अर्णवची आई ठोसेकरांच्या हौदाखाली रोज जुना टॉवेल अंथरू लागली.

मला मात्र हातांपेक्षा त्यांचे डोळे गुंतवून ठेवत. एक डोळा माझ्याकडे असे, त्याच वेळी दुसरा अर्णवकडे. दोन्ही स्वतंत्र फिरत, वर-खाली होत, देठावर गर्रकन वळतही. प्रत्येक डोळ्याच्या मध्यातून एक आडवा पट्टा जातो. त्यामुळे डोळ्याचे तीन भाग पडतात आणि तिन्ही भाग एकाच ठिकाणी पाहू शकतात. आपल्याला दोन डोळे मिळून जे अंतर कळते ते ह्यांना एकाच डोळ्याने कळू शकते. त्या पट्ट्यात बारीक भिंगांच्या सहा ओळी असतात. खालच्या दोन ओळी प्रकाशाच्या लहरींची दिशा ओळखण्यासाठी; आपल्याला ते सहसा जाणवत नाही. वरच्या चार ओळी रंगांसाठी. आणि रंग टिपणाऱ्या पेशी किती प्रकारच्या? बारा!

तुमच्या-माझ्या डोळ्यांत तीन असतात. त्या तिनांच्या भांडवलावर आपल्या साड्यांच्या दुकानांत पोपटी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, गुलबक्षी, राणी एवढा थाट! मग ज्याच्यापाशी बारा आहेत त्याच्या पेटीत कोणकोणते रंग असतील? आपल्याला न दिसणारे जांभळ्यापलीकडचे रंगही त्याच्या पेशी टिपतात. मी मॅट्रिक झालेला माणूस, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि नोकरीला लागलो. तीन कादंबऱ्या लिहिल्या, पण मनात अभिमान आहे तो रंग ओळखण्याचाच. त्या बोटभर प्राण्याचा मला चक्क हेवा वाटला. मी तसे मिलिंदला बोलूनही दाखवले.

तो हसला. "दादा, तुझा हेवा फुकट गेला. ह्या गावातच त्याची परीक्षा घेऊन झालीय."

ती परीक्षा मजेदार आहे. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात जस्टिन मार्शल नावाचे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे ह्या डोळ्यांच्या मागे आहेत. त्यांच्या गटातल्या हॅना थोएन ह्यांनी काही प्राण्यांना शिकवले: दोन बारीक नळ्यांच्या टोकांशी दोन रंगांचा प्रकाश दिसेल, ठरलेल्या रंगाकडे गेलास तर खाऊ मिळेल. प्राणी ते शिकले. मग दुसरा रंग हळूहळू पहिल्याच्या जवळ आणत नेला. प्रकाशलहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक ते चार नॅनोमीटरचा फरक माणसाला कळतो. बारा प्रकारच्या पेशींचा हा धनी त्याच्या कितीतरी आधीच चुकू लागला! २०१४ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा जाणकारही चकित झाले.

त्यांनी काढलेला अर्थ असा. आपला मेंदू तीन पेशींकडून आलेल्या खबरा शेजारी शेजारी ठेवून पाहतो, ताडून पाहतो, आणि त्या तुलनेतून हजारो छटा निघतात. हा प्राणी बहुधा ताडून पाहतच नाही. डोळ्याचा पट्टा समोरच्या वस्तूवरून फिरवायचा, बारा खणांपैकी कोणत्या खणात नोंद पडली तेवढे बघायचे, की रंग ठरला. विचार करायला वेळ नको, मोठा मेंदू नको. ज्याला तीन सहस्रांश सेकंदांत ठोसा मारायचा आहे त्याला हे सोयीचेच. छटा पाहत बसला तर भक्ष्य निघून जाईल, नाही तर शत्रू बिळात शिरेल.

मिलिंदने हे गमतीने सांगितले. अर्णव हसला. मीही हसलो. पण नंतर किती तरी वेळ मी त्या हौदासमोर बसून होतो, आणि समोर ठोसेकर नव्हते, रघू होता.

२००६ साली रघू आमच्या शाळेत सातवीत होता. खलाशाचा मुलगा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. 'माझे गाव' असा विषय मी वर्गाला दिला होता. रघूने किनारा काढला होता, घरे काढली होती आणि माड काढले होते. रेघ फार चांगली होती, ते मला आज आठवते. त्या दिवशी दिसले नाही. दिसले ते इतकेच, की माडांच्या झावळ्या तपकिरी आहेत, खोडे हिरवी आहेत आणि घरांची कौले शेवाळी आहेत. शेजारच्या मुलाने चित्र उंच करून दाखवले आणि वर्ग खदखदून हसला. माझ्याकडेही वर्गातल्या मुलांसाठी खण होते: हुशार, ढ, गरीब, वात्रट. नोंद 'वात्रट' ह्या खणात पडली. "डोळे फुटले का रे?" असे मी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता हात चालला.

त्या काळी शाळांतून हात चालत. २०१० पासून कायद्यानेच मुलांवर हात उगारायला बंदी आली, हे चांगले झाले. पण कायदा नव्हता म्हणून मी मारले, असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

पुढची गोष्ट ह्याहून वाईट आहे. त्यानंतर रघूने आपल्या खडूच्या पेटीतल्या कांड्यांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. 'हि', 'तां', 'त', 'पि', अशी बारीक अक्षरे. खडूंवरचे छापील वेष्टण वापरता वापरता फाटते, म्हणून ही तजवीज. त्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. पाहून मला वाटले, पोरगा टापटिपीचा झाला. टापटिपीचे दोन गुणही मी त्याला दिले.

२०१३ साली त्याचे वडील बाजारात भेटले. रघूला लहानपणापासून बोटीवर नोकरी करायची होती. परक्या देशांना जाणाऱ्या मोठ्या बोटीवर. त्यासाठी दोन वर्षे तो रात्रंदिवस अभ्यास करत होता. डॉक्टरांनी तपासताना रंगीत ठिपक्यांचे एक पुस्तक समोर धरले. त्या ठिपक्यांत आकडे दडलेले असतात. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली ते तयार केले. रघूला आकडे दिसले नाहीत. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. काळोखात समोरून येणाऱ्या बोटीचे तोंड कुठे आहे ते त्यांवरूनच ओळखायचे. ज्याला तांबडे-हिरवे वेगळे दिसत नाही त्याला तिथे कसे घेणार?

"गुरुजी, पोराला रंग दिसत न्हाईत म्हनं," वडील म्हणाले. "आमाला घरात कुनाला ठावंच न्हवतं."

मला ठावे असायला हवे होते. सातवीतच कळले असते तर दोन वर्षांची आशा तरी वाचली असती. त्याने दुसरी वाट धरली असती. मी त्यांना काहीच बोललो नाही. पिशवी घेऊन घरी आलो. आणि अकरा वर्षे रस्त्यात रघू दिसला की मी त्याला हात करून पुढे जात राहिलो.

ब्रिस्बेनहून निघण्याच्या आदल्या दिवशी मी हौद साफ करायला मिलिंदला मदत करत होतो. बिळाजवळ बोट नेले तसे ठोसेकर बाहेर आले. पण त्यांनी ठोसा मारला नाही. दोन्ही हात रुंद पसरले, आणि हातांच्या आतल्या बाजूचे दोन जांभळे ठिपके मला दाखवले. मिलिंद ओरडला, "दादा, हात काढ! ती त्याची नोटीस आहे." मी बोट मागे घेतले आणि ते परत बिळात गेले.

मिलिंद म्हणाला, ह्यांच्या आपसांतल्या मारामारीलाही रीत असते. बिळासाठी दोघे भांडले तर एक जण आपले शेपटाचे ढालीसारखे कवच पुढे करतो, दुसरा त्या ढालीवर ठोसे मारतो, आणि बऱ्याचदा कोणी जबर जखमी न होता भांडण मिटते. ठोशातली निम्म्याहून अधिक ताकद ती ढाल जिरवते, असे मोजून पाहिलेले आहे. म्हणजे खणांत पाहणाऱ्या ह्या प्राण्यालाही आधी नोटीस देणे आणि ढाल पाहून मारणे कळते. रघूला मी नोटीस दिली नव्हती, आणि त्याच्या गालावर ढाल नव्हती.

घरी परतलो तो पाऊस सुरू झालेला. मासेमारीची बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, आणि एका सकाळी मी हर्णैच्या बंदरावर गेलो. रघू तिथे होड्यांची इंजिने दुरुस्त करतो, हे मला माहीत होते. पण सरळ त्याच्याकडे जायचे धैर्य होईना. होड्या लागल्या होत्या. निवडून टाकलेल्या मासळीचा एक ओला ढीग वाळूवर पडला होता, तिथेच मी घुटमळलो. ठोसेकरांचे भाऊबंद आपल्याही समुद्रात आहेत. आपल्या गाळात राहणारे बहुधा ठोसेवाले नव्हेत, भालेवाले असतात. बिळात दबा धरून बसतात आणि जवळून जाणाऱ्या मासळीला काटेरी हातांनी टिपतात. जाळ्यात येतात, पण कोणी मोल देत नाही. त्या करड्या ढिगात एखादा दिसतो का, म्हणून मी वाकून पाहत होतो. सगळेच चिखलाच्या रंगाचे. पाच मिनिटे झाली तरी मला काही सापडेना.

"काय शोधताय, गुरुजी?" मागून आवाज आला. हाताला ग्रीस, खांद्यावर फडके. मी सांगितले. त्याने ढिगाकडे एकदा पाहिले आणि दोन बोटांनी नेमका एक उचलून माझ्यासमोर धरला. "हा ना? सांभाळा, बोट कापतो."

तो प्राणी अजून जिवंत होता. त्याचे देठावरचे डोळे हलत होते. मी म्हणालो, "रघू, सातवीत मी तुला मारलं होतं." पुढचे शब्द मी वाटेत जुळवले होते, ते सगळे विसरलो. "चुकलो रे मी."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थोबाडीत मारलीत ते जाऊ दे, गुरुजी. सगळेच मारायचे. पण मी खडूंना चिठ्ठ्या लावल्या होत्या ना, त्या तुम्ही हातात घेऊन बघितल्या होत्यात. तेव्हा मला वाटलं होतं, आता हे विचारतील."

मग तो पाण्यापर्यंत गेला, तो प्राणी त्याने समुद्रात सोडला, आणि मला म्हणाला, "चला, चहा घेऊ." टपरीवर आम्ही बसलो. मी त्याला विचारले, हा समुद्र तुला कसा दिसतो? त्याने सांगितले. ती होडी? तेही सांगितले. चहा संपला, दुसरा मागवला. गिऱ्हाईक बोलवायला आले तेव्हा कुठे तो उठला.

आता वर्षाच्या पहिल्या महिन्यात मी कोणालाच चित्र काढायला सांगत नाही. एकेका मुलाला जवळ बसवतो, समोर पाने, फुले, खडू ठेवतो आणि विचारतो, "हे तुला कसं दिसतं?" तांबड्या-हिरव्याची गल्लत करणारे एखादे पोर निघते, बहुधा मुलगाच. मग मी त्याच्या आईबापांना बोलावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. ह्यात वेळ फार जातो. अभ्यासक्रम मागे पडतो आणि मुख्याध्यापक कुरकुरतात. कुरकुरू देत.

त्या वर्षी दिवाळीत अर्णवचा फोन आला. फराळाची चौकशी झाली, किल्ला केला का विचारून झाले. मग तो म्हणाला, "काका, ठोसेकरांनी कात टाकली! त्यांचे नवीन हात अजून मऊ आहेत, म्हणून ते दार लावून आत बसलेत. बाबा म्हणतात, हात कडक होईपर्यंत त्यांना कोणालाही मारता येणार नाही."

"बसू दे," मी म्हणालो. "घाई करू नका. आणि त्यांना माझा नमस्कार सांग."